आप्पांच्या हातचा वस्तरा

६ फेब्रुवारी १९३९

हिंगोलीहून आलो. ओठावरची गाठ कापायचीच! दोन वर्षं मिशीखाली लपली, आता बोराएवढी झालीय. दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या, सुई देऊन ओठ बधिर करू, संध्याकाळी आपल्या घरी. मी खूश. निघताना म्हणाले, "और मूंछ साफ करके आना."

मी परत खाली बसलो. आमच्यात बाप जातो त्याच दिवशी मिशी उतरते, हे त्यांना काय ठाऊक! आणि माझे आप्पा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज दोन भाकरी चुरून खातात. अर्धीच काढली तर चालेल का, हेही विचारून पाहिलं. ते नुसते हसले.

७ फेब्रुवारी

सौ.ला सांगितलं. आधी घाबरली. मग म्हणते, लग्नापासून तुमचा ओठ बघितला नाही, एकदा बघू तरी! पण आप्पांना सांगायची हिंमत तिलाही नाही. गाठ ठेवली तर बिघडेल, असं डॉक्टर म्हणतात. कापावी तर जितेपणी बापाचं सुतक धरल्यासारखं. नकोच ते.

८ फेब्रुवारी

जकात नाक्यावर साहेबांकडे रजा मागितली. परत घेतली. पुन्हा मागितली. साहेब वैतागले.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी आप्पांना सांगून टाकलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग भलतंच विचारलं — गोजरची काही खबर?

हे रोजचंच. गोजरअक्का माझी थोरली बहीण, हट्ट्याला दिलेली. पाच वर्षांमागं तिच्या लेकीच्या लग्नात आप्पा मानपानावरून भरल्या पंगतीतून उठून आले. तेव्हा ती बोलून गेली, "आता तुमच्या मातीलाच येईन." तेव्हापासून ती आली नाही, हे गेले नाहीत. दोघं सारखेच हट्टी! विचारतात मात्र रोज. आज आवाज वेगळा होता. माझ्या मिशीपायी म्हाताऱ्याला मरण आठवलं, दुसरं काय.

१० फेब्रुवारी

सकाळी तांड्यावरचा किसनसिंग येऊन गेला. वसमतकडे बैल बघायला निघालाय. आप्पा त्याच्यासोबत वेशीपर्यंत गेले.

दुपारी त्यांनीच हरिचंद न्हाव्याला बोलावणं धाडलं. हरिचंदनं वस्तऱ्याला धार लावली, माझा ओठ भिजवला, आणि वस्तरा खाली ठेवला. आप्पा डोळ्यांसमोर जिते बसलेत, माझा हात चालायचा नाही, म्हणाला.

"आण इकडं," आप्पा म्हणाले. "मीच काढतो. बापानं जितेपणी आपल्या हातानं काढल्यावर कोण काय बोलतंय?"

अठ्ठ्याहत्तरीचा हात, पण कुठं कापलं नाही. लहानपणी माझं नाक पुसायचे तसा एका बोटानं ओठ ताणून धरला. वरून खोबरेल चोळलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले, कारण भरून आले होते. आप्पांवर इतकी माया आहे, हे मला कधी तोंडानं सांगता आलं नाही. सौ. आतून डोकावून म्हणते, अगदी तुमच्या आत्याबाईंसारखे दिसता!

१३ फेब्रुवारी

झालं! सुई तेवढी झोंबली. दोन टाके. मोटारीनं परत आलो तर आप्पा सडकेवर उभे. कधीपासून, कोण जाणे.

१४ फेब्रुवारी

बोलायची मनाई, म्हणून लिहितोच.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी आकांत. गोजरअक्का! कुणीतरी तिला हट्ट्याला सांगितलं की भावाची, सोनाजीची, मिशी उतरली. ती जे समजायचं ते समजली आणि रेल्वेत रडत हिंगोलीपर्यंत आली, तिथून मोटारीतही रडत. शेजारणी तिला खरं सांगायचं सोडून तोंडाला पदर लावून हसू दाबत मागं मागं! आप्पा ओट्यावर भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा खात बसले होते. तिला बघून जरा सरकले, जागा केली.

"आलीस? पाय धू. मंग रड."

अक्का मटकन बसली. त्यांच्या मांडीत डोकं घालून पोरीसारखी रडली. मग उठून मला दोन रपाटे घातले. मला हसायचीही सोय नाही, टाके ओढतात.

१८ फेब्रुवारी

अक्का अजून इथंच. दोघं रोज भांडतात — मिठावरून, ताकावरून. घर भरल्यासारखं वाटतं.

२१ फेब्रुवारी

काल टाके निघाले. आज किसनसिंग बैल घेऊन परतला. जाताना वाटेत हट्ट्याला निरोप त्यानंच दिला होता. तुला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.

"आप्पांनीच की. म्हणले, मिशी उतरली येवढंच सांग. पुढं इचारलं तर गप ऱ्हाय."

मागचं पान उलटून पाहिलं. किसनसिंग निघाला तो दहा तारखेला सकाळी. आप्पांनी वस्तरा हातात घेतला दुपारी.