मोठ्या पन्ह्याचं मशीन

ता. ३ जुलै

चि. बापूस,
अ. उ. आ.

फोन करायचा सोडून ताई पत्र का लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतोस आणि पुढचं स्वतःच बोलून टाकतोस. कागदावर ती सोय नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुझे दाजी गेल्यापासून बागेकडे नीट बघणं झालेलं नाही. पुढची बाग लहान, ती मी कात्रीने कशीबशी राखते. मागची मात्र तिच्या चौपट आहे आणि तिथे गवत गुडघ्याला लागलंय. त्यांचं पेट्रोलचं मशीन शेडमध्ये पडून आहे, पण ते सुरू करायला दोरीला हिसका द्यावा लागतो. माझा उजवा खांदा कसा आहे ते तुला माहीत आहे. हिसका दिला की मशीन गप्प आणि मीच ओरडते.

आता खरी गोष्ट. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना पेशंटच्या गाड्या लावायला जागा हवी आहे. तुझ्या भाच्याचं, म्हणजे आमच्या चिरंजीवांचं, म्हणणं असं की मागची बाग त्यांना विकून टाकावी आणि पुढेमागे घरही विकून मी त्याच्या फ्लॅटवर राहायला जावं. घर माझ्या नावावर, सही माझीच लागणार. त्याने विषय काढला तेव्हा मी गप्प बसले. आपल्या घरात मोठं माणूस गप्प बसलं की विषय मिटला. त्याने मात्र तो होकार धरला आणि डॉक्टरांना शब्द देऊन मोकळा झाला.

मला जायचं नाही, बापू. सूनबाई गुणाची आहे, माझं सगळं करील. पण तिथे पाण्याचा ग्लास कुठे ठेवायचा हेसुद्धा मी विचारून ठेवते. इथे मला कुणाला विचारावं लागत नाही. भाचा म्हणतो, तुला ती बाग राखणं जमत नाही तर ठेवतेस कशाला. म्हणून मी ती राखून दाखवणार आहे. बॅटरीवर चालणारं, ना दोरी ना वायर असं गवत कापायचं मशीन निघालंय म्हणे. तू सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलीस, माहितीपत्रकं तर तू जेवतानाही वाचतोस. कोणतं घ्यावं ते कळव.

बाकी ठीक. माया आहे तेवढी पुरे, पण उत्तर लवकर येऊ दे.

तुझी,
ताई


ता. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मध्ये दोनदा तुला तोडावंसं वाटलं, पण तोडणार कुणाला.

वायरचं मशीन मनातून काढून टाक. तू ते वायरीवरूनच फिरवशील आणि मग बागेचा प्रश्न कायमचा सुटेल. आपलंआपण फिरणारं, ताटलीसारखं चपटं एक मशीन मिळतं, पण त्याच्यासाठी बागेभोवती तार पुरावी लागते आणि गुडघाभर गवतात ते पहिल्याच दिवशी हरवेल. तेव्हा बॅटरीचंच घे, पण लहान घे. तेहेतीस सेंटीमीटर रुंदीचं, एका हाताने उचलता येणारं, एका बॅटरीवर चालणारं. एका चार्जमध्ये तुझ्या बागेएवढी बाग कापून होते असं खोक्यावर छापलंय, मी स्वतः वाचलं. तुझ्या वयाला आणि खांद्याला तेच झेपेल. त्याहून बरं म्हणजे महिन्यातून एकदा माणूस लावून कापून घे आणि खुर्चीत बसून त्याला सूचना दे. सूचना देणं तुला जमतं.

एक लपवत नाही. भाच्याचा मला फोन आला होता. मागचा भाग गेला तर ताईचा व्याप कमी होईल, असं मीही त्याला म्हणालो. रागावशील, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तब्येतीला जप. तुझ्या शिव्यांची वाट बघतो, त्या आल्या की तू ठणठणीत आहेस असं समजेन.

तुझा,
बापू


ता. १४ जुलै

चि. बापूस,
आशीर्वाद आहेत, रागही आहे.

तू कुणाच्या बाजूने बोलायचं ते तू ठरव. मशीन कोणतं घ्यायचं ते मी ठरवते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली आणि मागच्या बागेचा खाका कापला, ब्लाउज बेततात तसा. तुझ्या त्या बाहुल्यांच्या मशीनचा जेवढा पन्हा, तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि खाक्यावर मांडत गेले. बापू, कडेला कड लावून पट्ट्या मांडल्या तर चालत नाही. मध्ये गवताची मिशी राहते. शिवणीत कापड जातं ना, तशी प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीवर चार बोटं चढवावी लागते. खोक्यावर छापणाऱ्याने शिवण धरलेली नाही. शिवाय त्याचं गवत कोरडं आणि गालिच्यासारखं बसकं असणार, माझं तसं नाही. तुझ्या मशीनने मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या असत्या आणि बॅटरी अर्ध्या बागेतच झोपली असती.

मग दुकानात गेले. कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला घेऊन गेला आणि सावलीत थांबायचं म्हणून आत आला. झालं, विक्रेत्याने सगळं त्यालाच समजवायला घेतलं. पातं कसलं, बॅटरी किती दमाची, दुरुस्ती कुठे. मी विचारायचं आणि उत्तर त्याला मिळायचं. तो बिचारा मान हलवत होता, त्याच्या घरी साधी कुंडी नाही. शेवटी त्यानेच सांगून टाकलं की साहेब, माझं मीटर चालू आहे एवढंच मला कळतं, बाकी बाईंशी बोला. तेव्हा कुठे माझ्याकडे वळून विक्रेत्याने फिकट जांभळ्या रंगाचं एक हलकं मशीन पुढे केलं आणि बायकांना हे आवडतं म्हणाला. मी म्हटलं, बायकांना काय आवडतं ते मी चाळीस वर्षं त्यांची मापं घेत ऐकलंय. ते मागचं मोठं काढा.

मोठं म्हणजे तुझ्याच्या दीडपट पन्हा. वजन आहे, पण मुठीजवळची कळ दाबून धरली की ते आपणहून पुढे चालतं, आपण मागून नुसती दिशा द्यायची. मागच्या बागेतल्या उताराला हेच हवं होतं. सुरू करायला बटण. दोन बॅटऱ्या, एक दमली की दुसरी लावायची. गवत किती उंच ठेवायचं ते एकाच दांड्याने ठरतं, चारही चाकं एकदम वरखाली होतात. मूठ माझ्या उंचीला उतरते. मी ते दुकानभर फिरवलं, दारातल्या पायपुसण्यावरूनही नेलं. खांदा गप्प राहिला. मी घेतलं.

तू आणि भाचा मिळून आता काय म्हणायचं ते म्हणा. उद्या टेंपोने येतंय.

माझा राग उतरेल, लोभ उतरायचा नाही.

तुझी,
ताई


ता. १९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन आलं, पुढची बाग चहा उकळेपर्यंत कापून झाली, आणि मागे न्यायला गेलीस तर घर आणि कुंपणाच्या मधल्या बोळातल्या लोखंडी फाटकात ते अडकलं, हे भाच्याने मला फोनवर सांगितलं. तो हसत होता. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. सगळं अंग बेतलंस आणि गळाच लहान ठेवलास, डोकं आत जाईना. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाचा एक गळा कधी चुकवला नाहीस तू.

हसणं झालं. आता नीट ऐक. स्वयंपाकघरातून न्यायचं म्हणशील तर मागच्या दाराला पायऱ्या आहेत आणि ते धूड उचलायला दोन गडी लागतील. भाचा म्हणतो, मशीननेच निकाल दिला, पुढची बाग आईला पुरे. येत्या रविवारी सकाळी तो डॉक्टरांना घेऊन मागची जागा मोजायला येणार आहे. तुला सांगितलंय का ते त्याला विचारलं, तर म्हणाला, आई काही बोलली नाही म्हणजे तिला चालतंय.

मशीन परत करून लहान घे, असं माझं मत अजूनही आहे. पण दुसरं एक सांगतो. दाजी होते तोवर तू गप्प बसलीस की त्याचा अर्थ ते चारचौघांत सांगायचे. हिला हे पसंत नाही बरं का, म्हणायचे, आणि गोष्ट तिथेच थांबायची. आता सांगणारं माणूस नाही. मी सांगितलं तर भाचा म्हणेल, मामा, तुम्ही मध्ये पडू नका. तेव्हा ताई, या वेळी गप्प बसू नकोस. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तुझ्या तोंडाने म्हण.

रविवारी काय झालं ते सविस्तर लिही. तोवर माझ्या जिवाला घोर.

तुझा,
बापू


ता. २५ जुलै

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद, या वेळी राग वजा करून.

गळा चुकला, कबूल. मग शिंप्याने काय करायचं, अख्खा कपडा फेकायचा का? गळा उसवायचा. तुझं पत्र वाचलं आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. फाटक चौकटीसकट कापून काढ म्हटलं. तो म्हणाला, आजी, मुलाला एकदा विचारून घ्या. मी म्हटलं, फाटक कुत्रा बाहेर जाऊ नये म्हणून लावलं होतं, आणि कुत्रा कधीच गेला. आता ते फक्त मलाच अडवतंय. त्यावर त्याने वेल्डिंगचा चष्मा चढवला. मशीन बोळातून असं गेलं, जसं लोण्यातून सुरी.

पण मागच्या गुडघाभर गवताने त्याला दोन पावलांतच धाप लागली. पातं अडकायचं आणि ते बंद पडायचं. मी हट्ट केला नाही. माझ्याकडे शिवण शिकून गेलेल्या दोघीतिघींना निरोप पाठवला, त्या विळे घेऊन आल्या. आधी विळ्याने वरचं कापलं, मग मशीन सगळ्यात उंच ठेवून एकदा फिरवलं, मग दांडा एक घर खाली. बॅटरी तापली की लगेच चार्जरला लावायची नाही, सावलीत निववायची, तोवर दुसरी. शनिवारी संध्याकाळपर्यंत जमीन दिसायला लागली. मुली म्हणाल्या, बाई, बाग एवढी मोठी होती होय.

रविवारी सकाळी मी शेवटचा हात फिरवत होते. उतारावरच्या पट्ट्या राहिल्या होत्या. भाचा आणि डॉक्टर बोळातून आत आले. डॉक्टरांच्या हातात टेप, भाच्याने तिचं टोक धरलेलं. त्यांनी कुंपणाला टोक लावलं आणि डॉक्टर मोठ्याने बोलायला लागले, इथे चार गाड्या, तिथे वळायला जागा. बापू, तुझ्या दाजींचं पेट्रोलचं मशीन असतं तर मला काही ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. तशीच पुढे गेले असते, आणि पुन्हा सगळ्यांनी हो धरलं असतं. पण हे बॅटरीचं, नुसतं टेबलफॅनसारखं गुणगुणतं. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि मला ऐकू येतंय हे त्यांनाही दिसत होतं.

मी कळ सोडली. पातं थांबलं. मग मी म्हटलं की ही जागा विकायची नाही, मी सही करणार नाही, आणि या घरातून मी कुठे जाणार नाही. एवढंच. आवाज माझ्याच कानाला मोठा वाटला. डॉक्टर सवयीने माझ्या तोंडात बघत राहिले, जणू कोणती दाढ बोलली ते शोधतायत. मग सभ्यपणे टेप गुंडाळून निघून गेले.

भाचा लालबुंद झाला. चारचौघांत माझी मान खाली घातलीस, म्हणाला. मी म्हटलं, चार कुठले, तिघंच तर होतो. त्याला हसू आलं नाही. मग म्हणाला, आधी का नाही बोललीस. ते मात्र त्याचं खरं आहे. मी त्याला म्हटलं, आजपासून बोलत जाईन, तुला नको होईल इतकं. त्यावर त्याने मशीनच्या मुठीला हात घातला, दे इकडे, निदान मी करतो म्हणाला. मी दिलं नाही. उन्हाळ्यात सूनबाईला घेऊन ये, गवतावर हवं तेवढं लोळ, पण कापणार मी, असं सांगितलं.

तो रागातच निघाला. बोळाच्या तोंडाशी थांबून त्याने विचारलं, आणि एकटी असताना पडलीस तर. मी म्हटलं, पडले तर माझ्याच गवतावर पडेन, आणि ते आता मऊ आहे. तो गेला. मी बटण दाबलं आणि राहिलेल्या पट्ट्या पुऱ्या केल्या.

लोभ ठेव. ठेवला नाहीस तर तसं स्पष्ट कळव, मी गप्प बसणार नाही.

तुझी,
ताई