खुब्याचं पुण्यात बघू

१ जून, रविवार
सकाळी चप्पल घालायला वाकलो आणि उजव्या जांघेत अशी कळ आली की भिंत धरावी लागली. सुलेखा म्हणाली, डॉक्टरकडे जा. बायको म्हणून तिचं ते कामच आहे. मी इथे परदेशात प्रॉडक्शन सपोर्टचा मॅनेजर. दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या बिघाडांचं मूळ शोधतो, स्वतःचं काय सापडणार नाही? प्राथमिक निष्कर्ष: ऑफिसची खुर्ची.

३ जून, मंगळवार
खुर्ची बदलून घेतली. कळ तीच. निष्कर्ष कायम. दुसरी खुर्चीही त्याच कंपनीची आहे.

१४ जून, शनिवार
आता गुडघाही दुखतो. म्हणजे मूळ गुडघ्यात. सुलेखाला खुब्याची शंका आहे. तिला समजावलं की खुबा मागे असतो आणि माझं पुढे दुखतं. नीकॅप आणली. संकल्प: रोज सकाळी घराजवळची बुकित बातोकची टेकडी चढायची.
बाकी तब्येत उत्तम. दोन वर्षांपूर्वी दम्याने हैराण होतो. चंद्रशेखरकाकांनी चिंचवडच्या वैद्यांच्या पुड्या सुरू करून दिल्या, तेव्हापासून इनहेलर कपाटात पडलाय. शुद्ध आयुर्वेदिक. साइड इफेक्ट नावाला नाही.

२४ जून, मंगळवार
टेकडी सोमवारपासून. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्याहून मोठ्या एका चिनी आजींनी उठून राखीव सीट देऊ केली. मी ठाम नकार दिला आणि उभा राहिलो. जुराँग ईस्टला गाडी बदलताना त्या माझ्या पुढे निघून गेल्या. बायकांना घाई फार.

५ जुलै, शनिवार
श्रियाचं म्हणणं, बाबा, जस्ट गो सी डॉक्टर लाह. सोळाव्या वर्षी इथली मुलं बापाशी या 'लाह'वाल्या इंग्रजीत बोलतात. तिच्या मराठीचा सराव व्हावा म्हणून तिला घेऊन खालच्या क्लिनिकमध्ये गेलो. (तिथे तिला मराठीत समजावून सांगणार होतो.) डॉक्टरने पाय धरून आत वळवला. मी ओरडलो. बाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं. खुबाच म्हणे. जांघेत दुखतं ते खुब्याचंच असतं, कधीकधी गुडघ्यातही उतरतं. डॉक्टर तरुण आहे, शिकेल.

१९ जुलै, शनिवार
हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडे एकटाच गेलो. एमआरआय झाला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. हाड आतून मरतंय. पण गोळा अजून गोल आहे, ढासळलेला नाही. आत्ताच्या आत्ता हाडाला भोक पाडून आतला दाब कमी केला आणि काही आठवडे कुबड्या घेतल्या तर वाचायची बरीच आशा आहे. नंतर मात्र सांधाच बदलावा लागेल.
दारू? नाही. स्टेरॉइड? कधीच नाही. दुसरं काही औषध? नाही म्हणालो. पुड्या म्हणजे काही औषध नव्हे, त्या आयुर्वेदिक आहेत.

२० जुलै, रविवार
निर्णय घेतला. इथल्या नोकरीच्या पासचं रिन्यूअल सप्टेंबरात आहे, ऑफिसात कुबड्या घेऊन फिरणं परवडणारं नाही. शिवाय डिसेंबरात पुण्याला जातोच आहोत. आपण दात, डोळे, सगळं तिथेच दाखवतो. आपला डॉक्टर निवांत बसवून घेतो, चहा पाजतो. सुलेखा म्हणाली, दात थांबतात, हाड थांबत नाही. मग दिवसभर बोलली नाही. घरात शांतता होती, विचार करायला बरं पडलं.

२ ऑगस्ट, शनिवार
ऑफिसातला रुचिर पुण्याहून आला. काकांनी भाजणीच्या डब्यात घालून पुड्यांचा मोठा साठा पाठवलाय. काका फोनवर म्हणाले, सांध्यालाही चालतात, दुप्पट घे. घेतली.

७ ऑगस्ट, गुरुवार
दुखणं निम्म्यावर. एकाही डॉक्टरला जे जमलं नाही ते पुडीने केलं. सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, पुडीत आहे तरी काय? म्हटलं, निसर्ग.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
पूजेला पाटावर मांडी घालून बसलो. बसलो ते बसलोच. आरतीला सगळे उभे राहिले, मी बसून टाळ्या वाजवल्या. भक्तिभाव म्हणून खपलं असावं. प्रसादानंतर रुचिर आणि सुलेखाने काखेत हात घालून उठवलं. श्रिया तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होती. पोरीला माझी लाज वाटली, की रडू आलं, कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, चेहरा छान भरलाय, गाल वर आलेत. सुलेखा म्हणते, सुजलाय. एकाच चेहऱ्याबद्दल आई आणि बायको. पास रिन्यू झाला, म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. डावी जांघही जरा धरल्यासारखी वाटते. उजव्याचा भार पडतो म्हणून. उघड आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसातून येताना बसमधून उजवा पाय खाली टाकला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो मी ऐकला. मग थेट अॅम्ब्युलन्स.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल
गोळा ढासळला. जुलैतला फोटो आणि कालचा फोटो डॉक्टरांनी शेजारी शेजारी लावले. फोटो मलाही वाचता येत होते.
नर्सने सुलेखाला विचारलं, घरी काय काय घेतात. तिने पर्समधून पुडी काढून दिली. मला न विचारता. तपासायला पाठवली. मी हसून म्हटलं, सुंठ आणि ज्येष्ठमध निघेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुडीत स्टेरॉइड निघालं. भरपूर. दमा त्यानेच दबला होता, गाल त्यानेच वर आले आणि हाडही बहुतेक त्यानेच मेलं. दुप्पट घेत होतो तेव्हा दुखणं दबत होतं, म्हणून मी मजेत चालत होतो, त्याच हाडावर. पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून आता डॉक्टर मोजून गोळ्या देणार आणि हळूहळू कमी करणार.
काकांना फोन केला. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, तिकडच्या मशीनचा दोष असेल, मी स्वतः दहा वर्षं घेतोय. त्यांच्याही मांडीत हल्ली कळ येते, पण ती थंडीची आहे म्हणाले. मी ओरडलो त्यांच्यावर. त्यांनी फोन ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उजवा खुबा बदलला. वॉकर धरून दारापर्यंत गेलो. नवीन प्लॅन मनात तयार होता: फिजिओथेरपी, वजन कमी, फेब्रुवारीत टेकडी.
दुपारी डॉक्टर डाव्या खुब्याचा एमआरआय घेऊन आले. जुलैत उजवा जिथे होता, तिथे आज डावा आहे. गोळा अजून गोल आहे. भोक पाडलं तर कदाचित वाचेल, नक्की सांगता येत नाही. कधी करायचं, त्यांनी विचारलं.
जरा घरी जाऊन दम खाऊ, पुण्यालाही एकदा दाखवू, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. सुलेखा म्हणाली, पहिली मिळेल ती तारीख द्या. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि तारीख सांगितली. श्रियाने फोनमध्ये तारीख टाकून घेतली. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.
मला भीती वाटते आहे. हे त्या दोघींना अजून सांगितलेलं नाही.