दवाखान्याच्या भिंतीवरील माझेच चित्र मला पुसू द्यावे

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
शहर आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: सरकारी दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवरील 'एमपॉक्स ओळखा' हे चित्र पांढऱ्या रंगाने पुसण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावरील आपले उत्तर, 'चित्र सुस्थितीत आहे'.
३) तेच चित्र नव्याने रंगवण्याचा आपला कार्यादेश.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे लिहितो की, सदर चित्र मीच काढलेले आहे. मी पाट्या रंगवणारा पेंटर. मागच्या साथीच्या वेळी आपल्या आधीच्या साहेबांनी मला बोलावून फोटो दाखवले. आधी ताप येतो, गळ्याला गाठी येतात, मग तोंडावर, तळहातांवर, तळपायांवर फोड उठतात आणि ते सगळे एकाच वेळी पिकतात, असे त्यांनी सांगितले. त्या साथीपुरते ते खरेच होते. मी पडलो पाटीवाला. फोड एकसारखे म्हटल्यावर मी पत्र्यात एकच साचा कापला, आणि डाव्या हातावर जेवढे तेवढेच उजव्या हातावर उठवले. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. पुढे 'रस्त्यापलीकडून दिसले पाहिजेत' असा शेरा आला, म्हणून फोड लिंबाएवढे केले. रंग उडाला की तेच पुन्हा ठळक करत गेलो. लोक वाहवा करत आणि मी मान ताठ ठेवून त्या रस्त्याने जात असे.

२. या साथीत माझा थोरला भाऊ, जो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी आला तो अवघडून चालत. लाजेच्या जागी दोन फोड होते, एक खपली धरलेला आणि दुसरा ताजा. अंगात ताप नव्हता, तोंड आणि तळहात स्वच्छ होते. रोग कुठून आला हे मी विचारले नाही आणि येथेही लिहीत नाही. त्याने मला एकट्याला गाठून विचारले, "तुझ्या त्या भिंतीवरचं तर नव्हे ना रे हे?" चित्र मी काढले म्हणून या रोगातला घरचा जाणकार मीच. मी त्याला हाताला धरून भिंतीपुढे नेले आणि समजावले की, दादा, याचे फोड सगळे एका वयाचे असतात, तुझा एक म्हातारा आणि एक तान्हा, तेव्हा हे ते नव्हेच. दोघेही हसलो. दवाखान्याचे दार तिथून हाकेच्या अंतरावर होते आणि उघडे होते. दादा निर्धास्त होऊन घरी गेला.

३. माझ्या वहिनीचे मूत्रपिंड बदललेले आहे. शरीराने ते नाकारू नये म्हणून तिला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. दादाचे फोड आपोआप सुकले आणि तो पुन्हा गाडीवर जाण्याच्या गोष्टी करू लागला. तोच रोग वहिनीला लागला तो अंगभर पसरला आणि डोळ्यात उतरला. ती घरी बसून शर्टांना काज-बटण करते. डाव्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड कळतो.

४. वहिनीला याच दवाखान्याच्या विलगीकरण वॉर्डात ठेवले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाकावर बसवून सगळे नीट सांगितले. हा रोग प्रत्येक साथीत त्याच तोंडाने येत नाही. कधी अंग भरून फोड, कधी एखाददुसराच, तोही झाकल्या जागी. ताप कधी आधी, कधी नंतर, कधी नाहीच. बहुतेक लोक बरे होतात, पण लहान मुले, गरोदर बाया आणि वहिनीसारखी कमजोर प्रतिकारशक्तीची माणसे यांच्या जिवावर तो बेतू शकतो. ज्या गोळीवर डॉक्टरांची मोठी भिस्त होती, तिने फोड लवकर सुकतात असे पुढच्या चाचण्यांत दिसले नाही. वेदना कमी करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, डोळे जपणे, अंगातले पाणी राखणे हाच मुख्य उपचार, आणि त्यासाठी माणूस वेळेवर यायला हवा. शेवटी मला धीर द्यायला म्हणाल्या, "तुमचं चित्र खोटं नाही हो, जुन्या साथीचं आहे." साहेब, धीर आला नाही. शितावरून भाताची परीक्षा मी केली, आणि शीतही दुसऱ्याच हंड्यातले.

५. त्याच दिवशी मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन भिंतीशी गेलो, तेव्हा पहारेकऱ्याने सरकारी मालमत्ता विद्रूप करतो म्हणून मला हाकलले. चौकशी केली असता भिंत बांधकाम खात्याची, चित्र आरोग्य खात्याचे, असे समजले. बांधकामवाले म्हणाले, आधी चित्र हटवा, मग भिंतीला पांढरा रंग देता येईल. आपल्याकडचे लिपिक म्हणाले, चित्र निकृष्ट असल्याची तक्रार आल्याशिवाय हटवता येत नाही, आणि चित्र तर उत्तम आहे. म्हणून मी याद्वारे लिहून देतो की माझे चित्र निकृष्ट आहे. बोटे चुकली आहेत, मानेला हाड नाही, अक्षर बेढब आहे. हवे तर माझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणाची साक्ष आणतो, ते आनंदाने देतील.

६. माझ्या आधीच्या अर्जावर आपल्याकडून 'चित्र सुस्थितीत आहे' असे उत्तर आले आणि पाठोपाठ संदर्भ क्र. ३ चा कार्यादेश आला. साथ वाढत असल्याने फोड अधिक ठळक करावेत, असे त्यात म्हटले आहे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ते असे. तेव्हापासून मी काम सोडून चित्रापुढे हात पसरून उभा राहतो. परवा एक बाई आपल्या मुलाचा हात चित्रातल्या हाताशी ताडून पाहत होती. ताडून झाले आणि ती परत फिरली. मी मागे धावलो, बाई, आत दाखवून या, म्हणालो. तिने मुलाला उचलले आणि वेड्यापासून पळावे तशी पळाली. त्या मुलाला काय झाले होते ते मला माहीत नाही. मला झोप लागत नाही.

७. वॉर्डात भेटू दिले तेव्हा वहिनीने मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपे गेले असते. काचेपलीकडून एवढेच म्हणाली, "भावजी, ते चित्र पुसलंत ना? आणखी कुणी ते बघून घरी जायला नको." मी हो म्हणालो. "बरं केलंत," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

साहेब, उद्या तिला घरी सोडणार आहेत. वॉर्डातून फाटकाकडे जाणारा रस्ता एकच आहे आणि सदर भिंत जाताना उजव्या हाताला येते. तिचा चांगला डोळाही उजवाच आहे.

तरी आज कार्यालय बंद होण्यापूर्वी परवानगी मिळावी. रंग, शिडी आणि मजुरी माझी.

आपला अपराधी व नम्र,
(सही)
पाट्या रंगवणारा पेंटर

दिनांक: आजचाच

सोबत:
१) कार्यादेश, न स्वीकारता परत.
२) भिंत पांढरी झाल्यावर लिहावयाच्या मजकुराचा नमुना, डॉक्टरबाईंनी तपासलेला: 'फोड एकच असला, ताप नसला, तरी आत या. कुणी विचारणार नाही कुठून आला.'