टिबुकलीचं बारसं

ट्रुगानिना, मेलबर्न
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सौ. शोभास,

स. न. वि. वि. फोन बंद, यापुढे फक्त पत्र, हा तुझा हुकूम मिळाला. व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा तळ्याकडे फिरवतो, ही तक्रार अगदीच खोटी नाही. आपली ओवी आणि तिची मुलगी सुखरूप आहेत हे वाचून आनंद झाला.

आता मुख्य विषय. आपल्या वरुणने घेऊन दिलेल्या सेकंडहँड कायाक होडीमधून मी रोज सकाळी तळ्याची पाहणी करतो. ऑफिसला जाताना तो मला सोडतो. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, पण पाण्यावर पक्षीही असतात हे आत्ता ध्यानात आलं. इथे लव्हाळ्यात तुरेवाल्या टिबुकलीचं तरंगतं घरटं आहे. पक्षी बदकाएवढा, डोक्यावर तुरा, आणि घरट्यात चार अंडी. नर-मादी पाळीपाळीने उबवतात आणि पाळी बदलायला कोणी उशीर करत नाही. अशी शिस्त मला खात्यात कधी दिसली नाही.

पिल्लं बाहेर आली की आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. तो फोटो मला हवाच आहे. तेव्हा सतरा तारखेचं बारसं थोडं पुढे ढकलता येईल का? इथला रेंजर म्हणाला की अशी संधी पुन्हा येत नाही. तो मला मेट, म्हणजे दोस्त, म्हणतो.

जावई तनयरावांना नमस्कार. पक्ष्यांना देऊन उरलेला सगळा लोभ तुझाच.

तुझा,
विलास

क्वेकर्स हिल, सिडनी
१३ नोव्हेंबर २०२४

श्री. विलासराव यांस,

सा. न. वि. वि. तुमचा पाहणी अहवाल पोचला. चार अंड्यांची माहिती अर्धं पान, नातीची अर्धी ओळ. तिचं वजन किती, रंग कसा, रात्री झोपते का, काहीच विचारलं नाहीत म्हणून सांगत नाही.

बारसं एक डिसेंबरला, रविवारी सकाळी अकरा वाजता ठेवलं आहे. तनयने हॉल बदलला आणि केटररची बोलणी खाल्ली. आता अंडी फुटोत न फुटोत, तारीख हलणार नाही. बाळाचा फोटो मोबाइलवर पाठवला आहे. एवढे मोठे फोटोग्राफर झालात, तर त्याचं छानसं आमंत्रण करून ग्रुपवर टाका.

एक बोलायचं राहिलंय, ते लिहितेच. ओवी झाली तेव्हा तुम्ही धरणावर होता. साडेतीन महिन्यांनी आलात, ती तुम्हाला बघून रडली, तर तिला माझ्या हातात देऊन अंगणात निघून गेलात. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तिने तुमची वाट बघायची ही दुसरी वेळ आहे.

लाइफ जॅकेट घालत जा. घरच्यांची आठवण झाली तर लोभ ठेवावा.

आपली,
सौ. शोभा

ट्रुगानिना
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सौ. शोभास,

स. न. वि. वि. कळवण्यास अत्यंत आनंद होतो की तीन पिल्लं आली! डोक्यावर काळेपांढरे पट्टे, चोच इवलीशी. शोभा, काय सांगू, पिल्लू बाहेर आल्याच्या दिवशीच बापाने पाठीवर घेतलं. पंख जरा वर केले आणि ते आत शिरून बसलं. आपलीच पिसं उपटून तो पिल्लांना भरवतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे पहिले चाळीस फोटो हलले.

आमंत्रण काल कायाकमध्ये बसूनच करून सगळ्यांना पाठवलं. उत्तरांचा नुसता पाऊस पडतोय. नाक तुझ्यावर गेलंय यावर दोन्ही घराण्यांचं एकमत आहे.

चौथं अंडं मात्र अजून फुटलेलं नाही, त्यामुळे मला येता येईलसं दिसत नाही. बारसं उरकून घ्या. मी जानेवारीत येतो, तोवर बाळाला माणसं कळू लागतील. इतक्या लहान मुलांना घ्यायची मला भीती वाटते, हे तुला ठाऊक आहेच.

राग न धरता लोभ धरावा.

तुझा,
विलास

क्वेकर्स हिल
२५ नोव्हेंबर २०२४

श्री. विलासराव यांस,

सा. न. वि. वि. कृपा करून चष्मा लावा आणि तुम्ही पाठवलेलं आमंत्रण उघडून बघा. त्यावर टिबुकलीचं पिल्लू आहे.

नाजूक वेलबुट्टी, वर ‘आमची कन्या’, खाली ‘सहकुटुंब यावे’, आणि मधोमध चोच. एकेचाळीस जणांनी अभिनंदन केलं आहे. मीनाक्षीवन्संनी डोळे अगदी आजोबांचे असं लिहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जावळ छान असल्याचं कळवलं. फोटो एकानेही बघितलेला नाही.

ओवी आधी पोट धरून हसली. मग आत जाऊन रडली. माझ्यापाशी ती एवढंच म्हणाली की, लोकांचं जाऊ दे आई, बाबांनीसुद्धा माझ्या बाळाचा फोटो उघडला नाही.

तो पक्षी पहिल्या दिवशी पाठीवर घेतो, हे तुम्हीच मला लिहिलंत. पुढे काय लिहू?

लोभाचं काय ते रविवारी अकरा वाजता बघू.

सौ. शोभा

क्वेकर्स हिल
३ डिसेंबर २०२४

चि. वरुण,

अनेक आशीर्वाद. तुला सुटी मिळाली नाही, म्हणून सगळं लिहिते. बाबा शनिवारी दुपारी पोचले. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, कपडे एकच जोड. दारातच हात धुवायला पाणी मागितलं आणि बाळाला घेतलं. ती त्यांना बघून रडायला लागली. मी पुढे झाले, पण त्यांनी दिली नाही. वीस मिनिटं बॅकयार्डमध्ये खांद्यावर घेऊन फिरत राहिले, ती झोपली तरी फिरत राहिले. ओवी खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, तू जाऊ नकोस बाहेर.

बारशाला हॉल गच्च भरला होता. आमंत्रणाचा घोळ एव्हाना सगळ्यांना कळला होता, निम्मे लोक पक्ष्याचं पिल्लू बघायलाच आले होते. पण ऐन वेळी बाबा बाळाला पाळण्यात ठेवायलाच तयार होईनात. तनयच्या बहिणीने, चारुताने, शेवटी त्यांच्या खांद्याशी वाकून बाळाच्या कानात श्रिया असं नाव सांगितलं. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, आणि बाळाच्या जागी निजवायचा गोप्या करायला सिडनीत वरवंटा कुठला मिळणार? मग बाबांनीच बॅगेकडे बोट दाखवलं. ती हातभर लांब लेन्स आम्ही दुपट्यात गुंडाळली, तिला टोपडं घातलं आणि पाळण्यात निजवली. बायकांनी पाळणा म्हटला.

तू बाबांनी काढलेले फोटो मागितले आहेस. एकही नाही रे.

तळ्यावर गेलास तर चौथं अंडं फुटलं का ते बघून ये. बाबांनी अजून विचारलेलं नाही.

तुझी,
आई