आत्याबाईंची अर्धी भाकरी

गुरुवार, १२ एप्रिल १९७३

शाळा, टँकरची रांग, मग दवाखाना. अंग अगदी मोडून आलंय, पण ती अर्धी भाकरी डोक्यातून जात नाही.

अंगावरून वारं गेल्यापासून आत्याबाई, माझ्या सासूबाई, ताटात अर्धी भाकरी ठेवतात. नेमकी डावीकडची. सोसायटीतून रेशनवर आणलेल्या मिलोची, त्या लाल अमेरिकी ज्वारीची. आम्हाला वाटायचं, दुष्काळ म्हणून नातवंडांसाठी राखतात. आमचे हे तर शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "आई अर्धपोटी राहती, पण पोरांना घालती." पोरंही हक्कानं उचलायची.

आज उमरग्याचे डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालीय, म्हणून डावी बाजू त्यांच्या ध्यानातच येत नाही. तरीच डावीकडून हाक मारली की त्या ओ देत नव्हत्या. मला कसं कळलं नाही?

संध्याकाळी पुन्हा अर्धी उरली. मी ताट फिरवून ती उजवीकडे आणली. त्यांनी तीही संपवली.

"आज अख्खी दिलीस व्हय गं? मी म्हणायची, दुष्काळ हाय, सुनंला पुरंना, म्हणून मला अर्धीच वाढती."