आरशांच्या कंपनीविषयी माझे निःपक्ष मत

२ मे
आजपासून जनतेस अर्थसाक्षर करण्याचे व्रत. कार्यालयाच्या आवक-जावक विभागात टपालावर शिक्के मारण्यात हयात गेली. आवक आणि जावक याखेरीज अर्थशास्त्रात दुसरे असते काय? पहिली रील चित्रित केली. विषय: लिफ्टमधील आरसे बनवणारी एक उपेक्षित कंपनी. युक्तिवाद बिनतोड: इमारती उंच होत आहेत, मनुष्य स्वतःवर लुब्ध आहे, तस्मात् आरसे खपणार. कंपनीचा ताळेबंद पाहिला नाही. पूर्वग्रह टाळावेत.

३ मे
प्रेक्षक अत्यल्प, परंतु निवडक. प्रतिक्रिया एकच, मेहुण्याची: ‘भाऊजी, मागे बनियन वाळतायत.’ तरीही त्याने रील नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. वर हसून लोळणारी तीन तोंडे. आनंदातिरेकाने लोक असेच लोळतात.

७ मे
सौभाग्यवतींनी शिवणकामाच्या दुकानासाठी कोपऱ्यावरचा गाळा पाहिला. अनामत महिनाअखेरीस. ती रक्कम तिने लोकांचे कपडे उसवून-शिवून आमच्या जोडखात्यात साठवली आहे. त्या पैशांकडे नुसते पाहायचेसुद्धा नाही, असे मला बजावले. वचन दिले.

१२ मे
आश्चर्य! सोसायटीच्या ग्रुपवर अज्ञात तज्ज्ञाचा संदेश: आरशांची कंपनी घ्या. त्यातही ‘मनुष्य स्वतःवर लुब्ध आहे’, त्यातही ‘तस्मात्’. परस्परांस अपरिचित अशा दोन अभ्यासकांची भाषा इतकी जुळावी, हा योग विरळा. शेअर वधारला.

१४ मे
कार्यालयाच्या ग्रुपवरही तेच, ‘खात्रीलायक सूत्रांकडून’. शेजारच्या टेबलावरील बाई म्हणाल्या, साहेब, तुमचंच फिरून तुमच्याकडे आलंय. त्यांस विभागाचा नियम समजावला: येथून गेलेला कागद परत आला तरी त्यास नवा आवक क्रमांक पडतो, अर्थात तो नवा कागद. बाईंनी शिक्का माझ्यापुढे सरकवला आणि चहाला गेल्या.

१५ मे
दोन स्वतंत्र स्रोत अधिक मी. शंकेस जागा नाही. अनामतीची रक्कम आरशांत गुंतवली. मोबाइलवर अंगठा टेकवताना दृष्टी खिडकीबाहेर होती. पैशांकडे पाहिले नाही. वचन अभंग. तत्काळ नवी रील: ‘मी स्वतः घेतले!’

१८ मे
शेअरला किंचित थकवा. चढून आल्यावर कुणालाही येतो.

२१ मे
भाव निम्मा. कंपनीने जाहीर निवेदन काढले की, मध्यंतरीच्या तेजीचे कारण तिलाही ठाऊक नाही. एवढी विनम्र कंपनी मी पाहिली नव्हती.

२२ मे
दीर्घकालीन गुंतवणूकदार व्हायचे ठरवले. निर्णय सर्वस्वी ऐच्छिक.

३० मे
सौभाग्यवती गाळेवाल्याला पैसे द्यायचे म्हणून बँकेत गेल्या. परत आल्या. आरडाओरडा नाही, हे लक्षण चांगले नव्हे. मी आलेख काढून दाखवू लागलो, तो तिने मोबाइल पालथा ठेवला. एवढेच म्हणाली, ‘मशीन तरी ठेवलंयत ना घरात?’
मी ठेवले आहे, असे सांगितले. ती उठून खात्री करून आली.

३१ मे
मेहुण्याने अनामत भरली. गाळा मिळाला. मी पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलो होतो. एवढे पैसे आले कोठून, असे विचारता उत्तर मिळाले: आरशांतून. पहिली रील पाहून त्याने गंमत म्हणून बरेच शेअर घेतले होते आणि नेमके शिखरावर विकले. ही पद्धती कोणती, हे मी अभ्यासू वृत्तीने विचारले.
‘सोपं आहे, भाऊजी. तुम्ही घेतले म्हणालात, मी लगेच विकले.’
व्रत सोडण्याची तयारी दर्शवली. बहीण-भाऊ एकमुखाने नको म्हणाले. सौभाग्यवतींनी तर आज प्रथमच माझे चॅनेल सबस्क्राइब केले. मी पुन्हा काही घेतले, तर तिला त्याच क्षणी कळायला हवे म्हणते.