फुटकी सोंड आणि नवा लॅपटॉप

पेण,
रविवार, १७ मे २०२६

ती. मैनाताई,

वैशालीचा वाकून नमस्कार. तुम्ही ऋत्विकबरोबर पाठवलेले कडवे वाल मिळाले. भिजत घातले आहेत. तुमचा लेक काल आला, मनसोक्त झोपला, आणि आज संध्याकाळच्या गाडीने रोह्याला परत निघेल. उद्या त्याची धाटावच्या कंपनीत सकाळची पहिली शिफ्ट आहे म्हणे. हे पत्र त्याच्याच पिशवीत देते आहे. फोन का केला नाही असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही "बरं हाय सगळं" म्हणता, मी "इकडेही" म्हणते, आणि तेवढ्यावर माझी सुटका होते. पत्रात ती होऊ नये म्हणून लिहिते आहे.

त्याच्याकडून तुम्ही विचारलंत, "मामी नवा लॅपटॉप घेते म्हणतोस, तर जुन्याला काय झालं?"

लॅपटॉप घ्यायचा विचार फेब्रुवारीपासून चालू आहे. जुन्याला आठ वर्षं झाली. चालू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात चहा होतो. बॅटरी तर नावालाच आहे. वीज गेली की अर्धी लिहिलेली ऑर्डर जाते. ऋत्विकने मला रॅम, एसएसडी सगळं समजावलं. मी वहीत दोन पानं भरून लिहून घेतलं: वजन किती, की-बोर्ड कसा, दुरुस्ती पेणला होते की पनवेल गाठावं लागतं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, जूनमध्ये कॉलेजवाल्यांची गर्दी होते, आत्ताच घ्या." मी म्हटलं, बघते. मार्चमध्येही हेच म्हटलं होतं. तुमचा भाऊ सुशील परवा वैतागून म्हणाला, "लॅपटॉप घेतेस का सून बघतेस?"

आपल्या गणपतींच्या कारखान्यात काम जोरात आहे. यंदा तुम्ही येत नाही म्हटल्यावर सुशीलने डोळ्यांच्या आखणीला आदेश नावाचा कारागीर ठेवला आहे. माणूस चांगला आहे. हातही स्थिर आहे. पण डोळे वेगळे होतात. धोंडुबाई पॉलिशपेपर घासता घासता थांबली, एका मूर्तीकडे टक लावून बघत बसली आणि म्हणाली, "गो वैशाली, ह्यो गणपती भक्ताला बघतो का भक्ताला घाबरतो?" सगळे हसले. आदेशही हसला. मी हसले नाही, कारण मला हसायचा हक्क आहे का, हे मला ठरवता येईना.

ऋत्विकने जेवताना सहज सांगितलं की तुम्ही आता साडी घेतानासुद्धा शेजारणीला विचारता, "हा रंग कुठला गो?" डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तोच आहे सांगितलं, तरी तुमचा विश्वास बसत नाही. दारात रांगोळीसुद्धा काढत नाही. तो हे हसत सांगत होता, म्हातारपणाची गंमत म्हणून.

ताई, जुन्याला काहीही झालेलं नाही. म्हणजे संथ आहे, पण त्यात जो दोष होता, तो मीच लावला होता.

गेल्या वर्षीची ती बेचाळीस मूर्तींची ऑर्डर. अंगाला बदामी रंग हवा होता आणि रंगाचा फोटो ईमेलने आला होता. तुम्ही नेहमीसारखा रंग कालवून फुटक्या सोंडेच्या तुकड्यावर नमुना काढलात. मी तो लॅपटॉपशेजारी धरला आणि म्हणाले, "ताई, फिका आहे. स्क्रीनवर बघा, किती पिवळा आहे." तुम्ही वाकून पाहिलंत. म्हणालात, "मला नाय वाटत. बदामी असा हळदुळा नसतो. मोबाईलात दाखव बघू." आणि मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मोबाईलमध्ये खरा रंग दिसत नाही, ताई. मोठ्या स्क्रीनवर दिसतो तो खरा." रंगाचे फोटो फक्त लॅपटॉपवर बघायचे, हा नियम मीच केला होता, गडबड होऊ नये म्हणून. तुम्ही पुन्हा रंग कालवलात, पिवळा टाकलात, मी मान डोलावली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चतुर्थीला नऊ दिवस असताना गिऱ्हाईक आपल्या बदामी रंगाचा नमुनाच हातात घेऊन मूर्ती बघायला आलं. "ही काय कावीळ झाली का देवाला?" त्याने विचारलं, आणि सुशील सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाला, "ताई, नजर गेली तुझी. आता पुरे कर." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. "वैशालीने सांगितलं म्हणून केलं," एवढं म्हटलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. ब्रश धुतलेत, फडक्यात गुंडाळलेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलात. मीही गप्प बसले. तेव्हा मात्र मला खरंच वाटत होतं की स्क्रीन बरोबर आहे आणि दुसऱ्यांदा कालवताना तुमचाच हात चुकला. एवढ्यापुरती मी खरी होते.

फेब्रुवारीत दुकानात गेले तेव्हा जुना लॅपटॉप बरोबर नेला होता. दुकानदाराने तो उघडला आणि म्हणाला, "हे पिवळं कोणी करून ठेवलंय?" डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करायची एक सोय असते. त्याने बोट लावलं आणि ती बंद केली. पडदा पांढरा झाला. ती सोय मी चालू केली होती, गेल्या वर्षी जूनमध्ये. माझं डोकं दुखायचं म्हणून. रोजनिशीत नोंदसुद्धा आहे: "स्क्रीनचा उजेड मऊ केला. बरं वाटतं." आणि मग विसरून गेले. नजरेला सवय होते, ताई. महिन्याभरात मला तोच पांढरा वाटायला लागला.

घरी येऊन तो फोटो उघडला. सोंडेचा पहिला तुकडा रंगांच्या फळीवर तसाच पडला होता. शेजारी धरला. तोच रंग. तसूभर फरक नाही.

त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलं, "नवा लॅपटॉप घ्यायला हवा." फक्त तेवढंच. वीस वर्षं रोजनिशी लिहिते, स्वतःशी खरं बोलते असा माझा समज होता. जुना विकून टाकला की कोणी कधी विचारणार नाही, हे मी मनात म्हटलं का? म्हटलं असावं. मग घेतला का नाही? कारण दर वेळी दुकानदार विचारायचा, "जुना एक्स्चेंजमध्ये देणार ना?" आणि माझ्याने हो म्हणवत नव्हतं. तीन महिने मी ना घेतला, ना तुम्हाला सांगितलं. दोन्हीकडे गर्दी, किंमत, सूट अशी कारणं लावत राहिले. तिकडे तुम्ही शेजारणीला रंग विचारत होतात.

आज सकाळी सुशीलला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ताईला मी बोललो ते..." आणि वाक्य पुरं न करता उठून रंगफवारणीचा कॉम्प्रेसर बंद केला. मी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, कारण तुम्हाला ऐकावं लागलं तेही सगळ्यांसमोर. पिवळा पडदा करून दाखवला, पांढरा करून दाखवला. धोंडुबाई म्हणाली, "मी तवाच बोल्लेले." सुशीलने विचारलं, "कुणाला बोल्लीस?" ती म्हणाली, "मनात." आदेशने तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "या बाईंनी मला कालवायला शिकवलं तर बरं होईल."

सोंडेचा तुकडा कापसात गुंडाळून पाठवते आहे. तो दारात, उन्हात धरून बघा. शेजारणीला विचारू नका.

लॅपटॉप मी इतक्यात घेत नाही. घेईन तेव्हा रॅम, वजन, बॅटरी ऋत्विकने बघावी. स्क्रीन दुकानात तुम्ही बघायची, हा तुकडा शेजारी धरून. तुम्ही "नाय" म्हणालात तर मी पुढचा दाखवा म्हणेन, स्वतःचं काही बोलणार नाही.

हे सगळं, तुम्ही आलात तर. तुम्ही यावं असं म्हणायचा अधिकार सुशीलला आहे, भाऊ म्हणून; तो उद्या स्वतः रोह्याला येतो आहे. मला नाही. मोठ्या मूर्तींचे डोळे अजून कोरे ठेवले आहेत, एवढंच कळवते.

तुमची नजर ठीक आहे हे फेब्रुवारीपासून जिला माहीत होतं, ती

वैशाली